कोंबडीची घरघर : ओळख, शुश्रूषा व प्रतिबंध

शेतकऱ्याच्या दारीं पांचदहा कोंबड्या असणें ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिचा जमाखर्च कोणी वहींत मांडीत नाहीं. बैल लंगडूं लागला तर घरधनी त्याच दिवशीं गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. परंतु कोंबडी शिंकूं लागली तर "उद्यां पाहूं" म्हणून ती गोष्ट मागें पडते. वास्तविक पाहतां मीठमिरची, मुलांचीं पाटीपुस्तकें व इतर किरकोळ खर्च पुष्कळ घरीं अंड्यांवरच भागतो, आणि हें उत्पन्न बहुधा घरांतील स्त्रियांच्या हातचें असतें. एक आजारी कोंबडी आठ दिवसांत सबंध खुराडें रिकामें करूं शकते. सबब कोंबडीच्या श्वासाच्या विकारांविषयीं प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असाव्या अशा गोष्टी या लेखांत क्रमवार सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

श्वासाची रचना

कोंबडीच्या शरीरांत माणसाप्रमाणें छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा नसतो. तिचीं फुप्फुसें बरगड्यांस घट्ट चिकटलेलीं असून तीं आपल्या फुप्फुसांसारखीं फुगत नाहींत. हवा खेळविण्याचें काम त्यांस जोडलेले नऊ पातळ वायुकोश करतात, व छातीचें हाड खालींवर होण्यानें हे कोश भात्याप्रमाणें चालतात. यावरून दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली ही कीं, कोंबडी धरतांना तिची छाती आवळली तर तिचा श्वास बंद पडतो. आजारी कोंबडी तर अशानें हातांतच मरते. दुसरी ही कीं, नाकांत सुरू झालेला रोग या कोशांच्या वाटेनें पोटाच्या पोकळीपर्यंत पोंचतो. कोशांस रक्ताचा पुरवठा थोडा असल्यानें तेथें औषधाचा गुण उशिरा येतो.

शिवाय कोंबडीच्या टाळूस एक उभी फट असते. नाकांतील स्राव त्या फटींतून तोंडांत उतरतो व पाणी पितांना भांड्यांत मिसळतो. एका परळांतून सर्व कोंबड्या पाणी पितात, आणि रोग एकीपासून दुसरीस जाण्यास तेवढें पुरतें.

आजार कसा ओळखावा

दिवसां अंगणांत कोंबडी आपलें दुखणें लपविते. म्हणून रात्रीं निजानीज झाल्यावर खुराड्यापाशीं पांच मिनिटें स्तब्ध उभें राहावें. निरोगी कोंबडी चोंच मिटून निःशब्द श्वास घेते. शिंक, खरखर, शिटीसारखा आवाज किंवा घशांत पाणी खेळल्यासारखी घरघर ऐकूं आली तर ती कोणती कोंबडी हें दिव्याच्या उजेडांत पाहून ठेवावें. सकाळीं तिच्या नाकपुड्या, डोळे, तुऱ्याचा रंग, चोंचीचा आंतील भाग, विष्ठा व गळ्याखालील अन्नाची पिशवी हीं सर्व तपासावीं. छातीचें हाड सुरीच्या धारेसारखें हातास लागत असेल तर दुखणें कालचें नव्हे, पुष्कळ दिवसांचें आहे असें समजावें.

मात्र एप्रिल-मे महिन्यांतील उन्हांत निरोगी कोंबडीही चोंच वासून व पंख पसरून धापा टाकते. सावली व गार पाणी मिळतांच ती शांत झाली तर तो रोग नव्हे.

निरनिराळीं कारणें

पहिलें कारण खुराड्यांतील हवा हें होय. ओलसर विष्ठेंतून अमोनिया वायु निघतो. पहाटे खुराडें उघडतांच कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन पाहावें. आपले डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरत होते हें उघड आहे. अशा हवेनें नाकाचें अस्तर दुखावतें व खऱ्या रोगास दार मोकळें होतें. अंथरलेलें तूस किंवा गवत बुरसलेलें असल्यास त्या बुरशीचे कण फुप्फुसांत रुजतात. अशीं पिलें आवाज न करितां नुसतीं तोंड वासून धापा टाकतात व मरतात.

दुसरें कारण सांसर्गिक सर्दी. हींत एका किंवा दोन्ही डोळ्यांभोंवतीं तोंड सुजतें, आणि नाकांतून घाण वासाचा चिकट स्राव येतो. तिसरा जुनाट श्वासरोग. यांत डोळ्यांच्या कोपऱ्यांत फेंस येतो व घरघर आठवडेच्या आठवडे चालते. मरणाचें प्रमाण थोडें, परंतु अंडीं घटतात व हा रोग अंड्यांतून पिलांतही उतरतो. या दोन्ही रोगांतून बरी झालेली कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी रोगबीज बाळगून असते, हें विसरूं नये. अशा कोंबडीचीं अंडीं उबवणीस ठेवूं नयेत.

चौथें कारण देवी. तुऱ्यावर खपल्या येतात हें सर्वांस माहीत आहे. परंतु याच रोगाचे पिवळट पांढरे चट्टे कधीं कधीं घशांत येऊन श्वासनलिका बुजवितात. ते खरवडून काढूं नयेत, रक्तस्राव होतो.

पांचवा व सर्वांत घातक रोग मानमोडी. इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराच्या नांवानें जगांत प्रसिद्ध असलेल्या या रोगास आपल्या देशांत कुमाऊंतील राणीखेत या ठिकाणाचें नांव पडलें आहे. यांत घरघरीबरोबर हिरवट पातळ हागवण होते, अंडीं एकाएकीं बंद होतात किंवा मऊ कवचाचीं येतात. जगलेल्या पक्ष्यांपैकीं कित्येकांची मान पिळवटते व पाय लुळे पडतात. लस न टोंचलेल्या कळपांत यानें बहुतेक सर्व कोंबड्या मरतात. हा रोग विषाणूचा असल्यानें त्यावर औषध नाहीं.

येथेंच पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचाही उल्लेख अवश्य आहे. आपल्या देशांत त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें झाली. नुसत्या लक्षणांवरून तो व मानमोडी यांत भेद करणें डॉक्टरांसही शक्य नसतें. त्यास प्रयोगशाळेची तपासणी लागते. तो माणसांसही होऊं शकतो. म्हणून एकदोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, किंवा तोंड सुजून तुरे काळेनिळे पडले, तर मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातांनीं स्पर्श करूं नये, त्यांचें मांस खाऊं नये, आणि तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

पहिल्या दिवसाची शुश्रूषा

घरघर ऐकूं येतांच करावयाचें पहिलें काम औषध देणें हें नव्हे. कोंबडी वेगळी करणें हें होय. तिला कळपापासून दूर, वाऱ्याच्या झोताबाहेर, परंतु मोकळ्या हवेंत डालग्याखालीं ठेवावी. खालीं कोरडें गोणपाट किंवा वाळलेलें स्वच्छ तूस घालून तें रोज बदलावें. आजारी कोंबडीस उबेची गरज असते. थंडीच्या रात्रीं डालग्यावर तीन बाजूंनीं गोणपाट टाकून एक बाजू उघडी ठेवावी. धुराचा शेक किंवा धुरी मुळींच देऊं नये. दुखावलेल्या श्वासमार्गास धूर म्हणजे दुसरा रोगच.

तिचें पाण्याचें भांडें स्वतंत्र असावें. ज्वारी-बाजरीच्या मऊ शिजविलेल्या कण्या कोमट करून थोड्या थोड्या पुढें ठेवाव्या. नाक चोंदलेलें असल्यास कोमट मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें नाकपुड्या व डोळे दिवसांतून दोनतीनदां पुसावे व तें फडकें जाळावें.

तेल, हळदीचें पाणी किंवा काढा चोंच उघडून घशांत ओतण्याची चाल फार ठिकाणीं आहे. ती अत्यंत धोक्याची आहे. कोंबडीच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच उघडें असतें. ओतलेला पदार्थ त्यांत जाऊन कोंबडी गुदमरते, आणि दोष मात्र रोगास दिला जातो. पाणी पाजावयाचेंच असल्यास चोंचीच्या कडेस एक एक थेंब लावावा. ती आपण होऊन गिळते.

आधीं निरोगी कोंबड्यांचें दाणापाणी, मग आजारी कोंबडीचें, हा क्रम कधीं मोडूं नये. त्यानंतर हातपाय साबणानें धुवावे. मानमोडीच्या विषानें माणसाचे डोळेही येतात.

औषधांसंबंधीं सावधगिरी

जंतूंमुळें झालेल्या सर्दीवर व जुनाट श्वासरोगावर पशुवैद्यांकडील जंतुनाशक औषधांचा गुण येतो. विषाणूच्या रोगावर येत नाहीं. म्हणून शेजाऱ्याकडील उरलेली पुडी पाण्यांत टाकणें व्यर्थ होय. सांगितलेलें औषध सांगितलेले दिवस पुरें द्यावें. औषध चालू असतां, व नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडीं व मांस खाऊं किंवा विकूं नये.

लस व सहकार्य

मानमोडीवर लस हाच उपाय. पांच ते सात दिवसांच्या पिलांस लासोटा किंवा एफ् जातीच्या लशीचा एक थेंब डोळ्यांत अगर नाकांत घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हां देतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वर जातीची, म्हणजे आर्-टू-बी, लस टोंचतात. पुढील मात्रा केव्हां द्यावी हें दवाखान्यांत विचारावें. लस निरोगी कोंबडीसच द्यावी. ती बर्फांत आणावी, ऊन लागूं देऊं नये व कालविल्यावर दोन तासांच्या आंत संपवावी. पिलें नंतर एकदोन दिवस किंचित् शिंकलीं तरी भिण्याचें कारण नाहीं.

अडचण ही आहे कीं, लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांपुरती येते, व उघडलेली कुपी ठेवतां येत नाहीं. सात कोंबड्यांचा धनी ती एकटा कशी आणणार? जें एकट्यास परवडत नाहीं तें मिळून करण्यासाठींच आपली संस्था आहे. वाडीतील दहापंधरा घरांनीं एक दिवस ठरवून, सायंकाळीं कोंबड्या खुराड्यांत परतल्यावर, एकाच कुपींतून सर्वांस लस द्यावी. खर्च प्रत्येकाच्या वांट्यास किरकोळ येतो, आणि एका घरची कोंबडी दुसऱ्या घरीं रोग नेण्याचा धोकाही कमी होतो.

शेजाऱ्याशीं व्यवहार

शेवटीं एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कोंबडी सुस्तावलेली दिसली कीं, "मरण्यापूर्वीं चार पैसे येतील" म्हणून ती आठवडेबाजारीं नेण्याची वहिवाट आम्हीं महसूल खात्यांतील चाकरींत गांवोगांव पाहिली आहे. त्या एका पाटींतून मानमोडी दहा गांवांस जाते. विकणारास चार पैसे मिळतात व दहा घरच्या बाया रिकाम्या खुराड्यापुढें बसतात. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांसंबंधीं सन २००९ च्या कायद्यानें, अनुसूचींतील रोगाचा संशय येतांच गांवांतील अधिकाऱ्यास अगर ग्रामपंचायतीस कळविणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु कायदा नसता तरी शेजारधर्म होताच.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यांत न टाकतां दोन हात खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी, म्हणजे कुत्रीं व कावळे ती ओढून नेणार नाहींत. भांडीं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावीं, खुराड्यास चुना द्यावा व महिनाभर तें मोकळें ठेवावें. बाजारांतून आणलेली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवून मगच कळपांत सोडावी. एवढें पथ्य पाळण्यास पैसा फारसा लागत नाहीं. नित्य लक्ष मात्र लागतें.