नाताळची सजावट मुलांच्या हातून
(आगमनकाळासाठी कुटुंबपाठ)



आगमनकाळ सुरू झाला, की घराघरांत नाताळची लगबग दिसू लागते. रंगरंगोटी होते, नवे कपडे शिवायला जातात, करंज्या आणि नानखटाईचा बेत ठरतो. सजावटीची खरेदी मात्र आता तासाभरात उरकते. बाजारात तयार तारा मिळतो, तयार गोठा मिळतो, प्लॅस्टिकचे झाड मिळते. पिशवी घरी आली, वायर खोचली, झाली सजावट! यात मुलांच्या वाट्याला काय आले? फक्त हट्ट करणे आणि बघत बसणे.

आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे. मुलांना 'वाट पाहा' असे नुसते सांगून भागत नाही. त्यांच्या हाताला काही काम असले, तर वाट पाहणे त्यांना समजते. म्हणून या चार आठवड्यांत दर रविवारी दुपारी एक तास मुलांबरोबर बसून सजावट घरीच करावी, असा हा साधा पाठ आहे. शेवटी चिंतनासाठी प्रश्न दिले आहेत.

1. गोठ्याची सुरुवात कशी झाली?

गोठ्याची प्रथा आपल्याला संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याकडून मिळाली. इ.स. 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो या डोंगराळ गावी त्यांनी नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी जॉन नावाच्या एका स्थानिक गृहस्थाला तयारी करायला सांगितले. प्रभू येशूचा जन्म किती गैरसोयीत झाला, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. तयारी काय होती? गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव. मूर्ती एकही नव्हती. आसपासचे लोक मशाली आणि फुले घेऊन आले आणि त्या गव्हाणीपाशीच पवित्र मिस्सा साजरा झाला.

1 डिसेंबर 2019 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेचो गावी जाऊन गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली. घराघरांत गोठा मांडण्याची प्रथा जपा आणि जेथे ती बंद पडली असेल तेथे पुन्हा सुरू करा, असा त्यांचा आग्रह होता.

ग्रेचोच्या गोठ्यात विकत आणलेली शोभा काहीच नव्हती. गावात जे होते तेच वापरले गेले. आपल्याकडेही वस्तूंची वाण नाही. भातकापणी होऊन पेंढा रचलेला असतो. केळीच्या बागेत वाळलेले सोपट पडलेले असते. नारळाच्या करवंट्या, झावळ्या, किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या, जुन्या लग्नपत्रिका हे सारे हाताशी असते. थर्माकोलच्या सजावटीला तर महाराष्ट्रात 2018 पासून कायद्यानेच बंदी आहे.

2. कात्री कोणाच्या हातात?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत गोठा 'मुलांसाठी' म्हणून सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तो बाबांचा होतो. स्पर्धेचे परीक्षक येणार असतात. मग मुलाने चिकटवलेला कागद उखडून पुन्हा नीट चिकटवला जातो. कारंजे फिरू लागते, बक्षीसही मिळते. पण मूल बाजूला उभे असते. 'राहू दे, तुला जमणार नाही', एवढेच त्याच्या लक्षात राहते.

शुभवर्तमानात प्रभू येशूला सुताराचा मुलगा म्हटले आहे (मत्तय 13:55) आणि स्वतः सुतारही म्हटले आहे (मार्क 6:3). म्हणजे संत योसेफने आपले काम त्याला शिकवले असणार. लहान हातात हत्यार देणे, बाजूला बसून धीर धरणे, वाकडे झाले तर पुन्हा करू देणे, असेच बापाकडून काम शिकले जाते. म्हणून एक नियम पाळू या. कोयता, चाकू आणि वीज मोठ्यांकडे. बाकी सारे मुलांकडे. मुलाने केलेले काम त्याच्या पाठीमागे 'सुधारायचे' नाही. तारा थोडा वाकडा झाला, तर तो तसाच दारात लावावा.

3. पहिला आठवडा : आगमनचक्र

आगमनचक्राची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, कारण ते मुलांसाठीच निर्माण झाले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विकेर्न हे प्रॉटेस्टंट पाळक गरीब मुलांसाठी एक वसतिगृह चालवीत. 'नाताळ कधी?' असे मुले त्यांना रोज विचारीत. 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर 20 लहान तांबड्या आणि 4 मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान मेणबत्ती पेटवायची आणि रविवारी मोठी. मुले मेणबत्त्या मोजूनच दिवस ओळखू लागली. पुढे ही प्रथा कॅथलिक घरांत आणि चर्चमध्येही रुजली. आपल्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या असतात. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारची.

कृती : पेंढ्याची मनगटाएवढी जाड वळी करून ती सुतळीने घट्ट गुंडाळावी आणि तिचे कडे बांधावे. कडे एका पसरट थाळीत ठेवावे. आत चार लहान वाट्यांत ओली माती भरून त्यांत मेणबत्त्या रोवाव्यात. कड्यावर सुरूची किंवा आंब्याची हिरवी पाने मुलांनी खोचावीत. पाने दर आठवड्याला बदलावी, कारण वाळलेला पाला आणि पेंढा पटकन पेट घेतो. घरातील मोठे माणूस समोर असतानाच मेणबत्ती पेटवावी आणि प्रार्थना संपताच विझवावी.

4. दुसरा आठवडा : तारा

ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा संत मत्तयच्या शुभवर्तमानात आहे (मत्तय 2:1-12). फिलिपिन्स देशात बांबूच्या कामट्या आणि कागद यांपासून केलेला तारा 'पारोल' या नावाने ओळखला जातो. तेथे 16 ते 24 डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे मिस्सा असतो आणि अंधारात चर्चची वाट दिसावी म्हणून लोक असे कंदील वापरीत. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदीलही कामट्यांचाच असतो. शेजारच्या ज्या मुलाला आकाशकंदील बांधता येतो, त्याला या कामाला आवर्जून बोलवावे. तो चांगला गुरू ठरेल आणि सणही वाटला जाईल.

साहित्य : दोन फूट लांबीच्या 10 कामट्या, 5 इंच लांबीच्या 5 जाड काड्या, दोरा, पतंगाचा कागद आणि खळ.

कृती : पाच कामट्या एकमेकींवर ठेवून पाच टोकांचा तारा करावा आणि टोके दोऱ्याने बांधावीत. आत जेथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागाही बांधाव्यात. असाच दुसरा तारा करावा. दोन्ही तारे एकावर एक ठेवून फक्त पाच टोके एकत्र बांधावीत. मग आतल्या पाच छेदांच्या जागी दोन ताऱ्यांच्या मध्ये एकेक काडी उभी बसवून बांधावी. तारा मध्यभागी फुगतो आणि त्याला पोट येते. हे पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. नंतर समोरची बाजू, मागची बाजू आणि शेवटी कडांच्या फटी अशा क्रमाने कागद लावावा. दिवा आत सोडण्यासाठी मागे एक भाग उघडा ठेवावा.

खळीसाठी एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न होता कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळावा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकीत. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात टाकू नये. ताऱ्यात मेणबत्ती किंवा जुना तापणारा बल्ब नको. कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा आणि तो कागदाला टेकणार नाही असा बांधावा.

5. तिसरा आठवडा : गोठा आणि नाचणीची हिरवळ

गोठ्याचा सांगाडा जुन्या खोक्याचा करावा, भिंतींना केळीचे वाळलेले सोपट चिकटवावे आणि छपराला पेंढा किंवा झावळीच्या पात्या लावाव्यात. करवंटीची विहीर होते, खडे आणि वाळू यांची वाट होते.

हिरवळीसाठी साधारण 14-15 डिसेंबरला नाचणी पेरावी. मूठभर नाचणी रात्रभर भिजवून सकाळी निथळावी. पसरट ताटलीत दोन बोटे माती घालून वर नाचणी दाट पसरावी आणि हाताने पाणी शिंपडावे. पाणी साचू देऊ नये, नाहीतर दाणे कुजतात. रोज पाणी देण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे असावे. नाताळपर्यंत कोवळी हिरवळ तयार होते. दाणा आपल्या वेळेनेच रुजतो, हे घाई करणाऱ्या मुलाला आणि त्याहून घाई करणाऱ्या आईबाबांनाही कळते.

6. चौथा आठवडा : मूर्ती आणि रिकामी गव्हाण

शाडूची किंवा तळ्याकाठची चिकण माती मळून मुलांनी आपल्याला जमतील तशा मूर्ती कराव्यात. डोके म्हणजे गोळा आणि अंग म्हणजे शंकू, इतके पुरे. मूर्ती सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात त्या तडकतात. पूर्ण वाळल्यावर रंग द्यावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कागदाचे देवदूतांचे पंख छान होतात.

एकेक मूर्ती करताना ती शुभवर्तमानात कोठे आहे, हे मुलांबरोबर शोधावे. गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत संत लूककडे सापडतील (लूक 2:1-20). ज्ञानी लोक संत मत्तयकडे आहेत. पण ते किती होते, हे तेथे सांगितलेले नाही. भेटी तीन होत्या, म्हणून आपण राजे तीन मानतो. बैल आणि गाढव जन्माच्या वृत्तांतात नाहीतच. धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या या दोन प्राण्यांचा उल्लेख यशया संदेष्ट्याने केला आहे (यशया 1:3), तेथून ते गोठ्यात आले.

गव्हाण मात्र 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. जवळ पेंढ्याच्या काड्यांची एक वाटी ठेवावी. मुलाने कोणासाठी काही चांगले केले, की त्याने गुपचूप एक काडी गव्हाणीत घालावी. कोणी किती घातल्या, हे मोजू नये आणि भावंडांत चढाओढ लावू नये. बाळ येशूला निजायला मऊ जागा मिळावी, इतकेच. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर सर्वांत लहान मुलाने बाळ येशूची मूर्ती त्या गवतावर ठेवावी.

7. ज्या घरी यंदा सण नाही

काही घरांत यंदा दुःख आहे. कोठे आजारपण आहे, कोठे आईवडील दोघेही रात्री उशिरा कामावरून येतात. अशा घरच्या मुलांना आपल्या घरी बोलवावे. प्रत्येक वस्तू करताना एक जास्त करावी. दुसरा तारा, दुसरी नाचणीची ताटली त्या घरी मुलांनीच नेऊन द्यावी. दुःखाच्या घरी रोषणाई नको असते. पण मुलांनी आणलेला लहानसा गोठा सहसा कोणी नाकारत नाही. एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांना तर मूर्ती करायला सोबत बसवावे. त्यांच्या लहानपणी गोठ्यात काय काय असे, हे मुलांना त्यांच्याकडूनच ऐकायला मिळेल.

सण संपल्यावर मातीच्या मूर्ती नावे घालून जपून ठेवाव्यात. नाचणी गुरांना घालावी, सोपट आणि पेंढा झाडाच्या मुळाशी टाकावा. पुढच्या वर्षी त्याच मूर्ती बाहेर काढताना आपला हात किती सुधारला, हे मूल स्वतःच ओळखेल.

चिंतनासाठी प्रश्न

1. आपल्या घरच्या गोठ्यात मुलांनी स्वतः केलेली एक तरी वस्तू असते का?
2. मुलाचे काम आपण कौतुकासाठी पाहतो, की चुका काढण्यासाठी?
3. यंदा आपला दुसरा तारा कोणाच्या दारात लागणार?

या आठवड्याची कृती : आज रात्री जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून चार रविवारांची कामे वाटून घ्यावीत. कामांची यादी मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावी.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी हाताने काम करायला शिकलास. आमच्या मुलांच्या हातांना आशीर्वाद दे आणि आम्हां मोठ्यांना त्यांच्याजवळ बसण्याचा धीर दे. आमेन.