जुनी मालमोटार घेण्यापूर्वी

कांदा अथवा ऊस वाहून नेण्यासाठी जुनी मालमोटार घेणाऱ्या शेतकऱ्याने नव्या रंगाला भुलू नये. प्रथम नोंदणी-पुस्तक मागावे व त्यातील चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. पुस्तकात कर्जाच्या तारणाची नोंद असल्यास ‘कर्ज केव्हाच फिटले’ ह्या तोंडी शब्दावर विसंबू नये. कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र व सही केलेला नमुना ३५ हाती आल्याखेरीज विसारही देऊ नये. गाडी आठ वर्षांहून जुनी असल्यास तिचे योग्यता-प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते. तो खर्च किमतीत धरावा.

गाडीने आजवर काय वाहिले, हे अवश्य विचारावे. वाळू वाहिलेल्या गाडीच्या चॅसिसवर वेल्डिंगचे जोड आढळण्याचा संभव असतो. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. काही विक्रेते ते आधीच तापवून ठेवतात. निळसर धूर येत राहिल्यास इंजिनात वंगणतेल जळत आहे असे समजावे.

मालकीतील बदल खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचा असतो. विक्रेत्यानेही येथे बेफिकीर राहू नये. नाव न बदलता अपघात घडल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे.