फुगडी घालणारा तारा

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात सहसा दिसत नाही. मग तो शोधावयाचा कसा?

थोरल्या व धाकट्या बहिणीची फुगडी आठवा. धाकटी मोठे वर्तुळ घेते. पण थोरलीही स्थिर नसते, तिचेही लहानसे वर्तुळ होतेच. ग्रहामुळे तारा असाच डुलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे, दूर जाताना तांबड्या टोकाकडे किंचित सरकतात. त्यावरून ताऱ्याचा वेग मिळतो.

पूर्वा भाद्रपदा नक्षत्राजवळ, सुमारे ५० प्रकाशवर्षांवर, ५१ पेगासी हा तारा आहे. तो सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने डुलतो व ही डुलणी दर ४.२ दिवसांनी पुन्हा होते, असे १९९५ साली मिशेल मायोर व दिदिए केलो यांना आढळले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह! परंतु तो ताऱ्यालगतचा तप्त वायुगोल. तेथे जीवसृष्टी संभवत नाही.

जीवसृष्टीसाठी द्रवरूप पाणी असलेला, पृथ्वीसारखा ग्रह हवा. पृथ्वी सूर्याला किती डुलवते? दोघांचे संवेग सारखे असतात. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर. सूर्य तिच्या ३,३३,००० पट जड. भागाकार करा : सेकंदाला अवघे ९ सेंटिमीटर! ताऱ्याचा पृष्ठभागच याहून कितीतरी जोराने खदखदत असतो. म्हणूनच दुसरी पृथ्वी हुडकणे इतके अवघड आहे.

आता तुम्ही सोडवा : गुरूचा वेग सेकंदाला १३ किलोमीटर, सूर्य त्याच्या १,०४७ पट जड. गुरू सूर्याला किती डुलवतो?