ब्राउझरमधला संगणक : प्रोग्रॅम बसतो कुठे, चालतो कुठे?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या करंजा गावातील कोळीवाड्यात बोलले जाणारे मासेमारीचे शब्द मी गेले वर्षभर गोळा करीत आहे. डोल, पाग, उधाण, भांग हे शब्द वडिलांच्या तोंडी रोज असतात. माझ्या बरोबरीच्या मुलांच्या तोंडी ते कमी ऐकू येतात. ही यादी टंकलिखित करावयाची, तर घरी संगणक नाही. मोबाइल एकच, आणि तो वापरणारे आम्ही तिघे. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात यंत्रे आहेत, पण तेथे विद्यार्थ्याला स्वतःचा प्रोग्रॅम बसविण्याची मुभा नाही. ते योग्यच आहे, नाहीतर दर सोमवारी प्रत्येक यंत्रावर एक नवा खेळ सापडला असता! या अडचणीमुळे मी ब्राउझरमधील डेस्कटॉपकडे वळलो.

संकेतस्थळ उघडावे, नाव नोंदवावे, की ब्राउझरच्या एका खिडकीतच फाइलींचे कप्पे, चित्रे आणि प्रोग्रॅम मांडलेला पडदा दिसू लागतो. कल्पना नवी नाही. स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या एका गावातील तरुणांनी २००५ साली ‘आयओएस’ नावाचा असा डेस्कटॉप काढला होता (आयफोनमधील नव्हे, ‘आय’ म्हणजे डोळा). अलीकडे ‘प्युटर’ हा डेस्कटॉप निघाला असून त्याची मूळ संहिता २०२४ पासून सर्वांस खुली आहे.

येथे प्रोग्रॅम ‘बसविणे’ म्हणजे नेमके काय? आपल्या यंत्रावर प्रोग्रॅम बसवितो तेव्हा त्याच्या फाइली चकतीवर उतरतात आणि यंत्राच्या व्यवस्थेत त्याची नोंद होते. ब्राउझरमधील डेस्कटॉपवर बहुधा फक्त एक चित्र आपल्या खात्यात मांडले जाते. त्या चित्रामागे एक पत्ता असतो. दाबले, की त्या पत्त्यावरून प्रोग्रॅम येतो. म्हणूनच बसविण्याची परवानगी नसलेल्या यंत्रावरही तो चालतो.

पण तो चालतो कुठे? मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हा प्रश्न. प्रकार दोन आहेत. पहिल्यात प्रोग्रॅम आपल्याच यंत्रात, ब्राउझरच्या कुंपणाआड चालतो. ‘वेबअसेम्ब्ली’ला २०१९ मध्ये जागतिक मानकाचा दर्जा मिळाला, तिच्यामुळे जड प्रोग्रॅमही आता ब्राउझरमध्ये वेगाने चालू शकतात. दुसऱ्यात प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर चालतो. आपल्याकडे येते ते त्याचे हलते चित्र, आणि आपल्याकडून जातात ते कळ दाबल्याचे निरोप. टीव्हीला कळफलक आणि माऊस जोडून चालणारा ‘जिओपीसी’ २०२५ मध्ये निघाला. तो ब्राउझरमधला नसला तरी त्याचे तत्त्व हेच. ही दूरची यंत्रे आकाशात नसतात. असे एक प्रचंड डेटा सेंटर २०२० साली आपल्या पनवेललाच सुरू झाले.

फरक ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. प्रोग्रॅम पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करावे. अक्षरे उमटत राहिली, तर प्रोग्रॅम इथे आहे. चित्र गोठले, तर तो तिथे आहे. अर्थात अक्षरे उमटली म्हणजे फाइल जतन झाली, असे नव्हे.

फाइलीची गोष्ट खरोखर नाजूक आहे. काही प्रोग्रॅम लिखाण ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात. हा साठा त्या यंत्राचा, त्या ब्राउझरचा आणि त्या एका पत्त्यापुरता असतो. शेजारच्या यंत्रावर बसलात, तर तो तेथे नाही. खाजगी खिडकीत लिहिले असेल, तर खिडकी मिटताच गेला. संगणक-कक्षातील यंत्र संध्याकाळी पुसले जात असेल, तर तेव्हा गेला. फाइल दूरच्या यंत्रावर असेल तर हे भय नाही, परंतु तेथे मालक दुसराच. ‘घोस्ट’ नावाचा असाच एक डेस्कटॉप पॅलेस्टिनी आणि इस्रायली मंडळींनी मिळून चालविला होता. मार्च २०१० मध्ये तो बंद झाला. भाड्याच्या होडीत आपले जाळे ठेवण्यासारखेच हे. होडी ज्याची, तो ती केव्हाही विकू शकतो.

मराठी लिहिणारांस आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पहिल्या प्रकारात साधारणतः आपल्या यंत्रातील देवनागरी टंक उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारात तो दूरच्या यंत्रावर हवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. कळफलकाची मांडणीही तिथलीच धरली जाते. चित्र रेखाटणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे फुटतात. म्हणून कोणताही नवा प्रोग्रॅम उघडला, की मी प्रथम ‘द्रोणागिरी’ लिहून पाहतो. ‘द्रो’ नीट उमटला, तरच पुढे जायचे.

सध्या माझी यादी साध्या मजकुराच्या फाइलीत आहे, कारण ती कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. दर शनिवारी ती उतरवून घेऊन मी घरच्या मोबाइलवर एक प्रत ठेवतो. वडिलांनी सांगितलेला शब्द मात्र आधी वहीत लिहितो, कारण ते सांगतात तेव्हा आम्ही जेट्टीवर असतो.