शेलच्या आरंभ-फाईली व ग्राफिकल सेशन

गेल्या वर्षीं या वार्षिकासाठीं लेख मागविले, तेव्हां मुकुटबनच्या एका विद्यार्थ्यानें आपला निबंध घरच्या संगणकावर लिहून देण्याचें ठरविलें. संगणक जुना, त्यावर डेबियन प्रणाली व एक्सएफसीई डेस्कटॉप. टर्मिनलमधून लेखनाचा प्रोग्रॅम उघडला कीं देवनागरी अक्षरें उमटत. तोच प्रोग्रॅम मेन्यूंतून उघडला कीं रोमन अक्षरांवांचून दुसरें कांहीं उमटेना. संगणक बिघडला असें समजून वडिलांनीं सारी डिस्क पुसून प्रणाली नव्यानें बसविण्याचा बेत केला. त्याच डिस्कवर शेताचे कागद व दिवंगत आजीचीं छायाचित्रें होतीं, व त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. सुदैवानें मुलगा आदल्या दिवशीं आमच्याकडे आला. बिघाड कांहींच नव्हता. तीन ओळी भलत्या फाईलींत लिहिल्या होत्या, इतकेंच. तसा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये म्हणून हा पाठ.

फाईलींचीं व आज्ञांचीं नांवें येथें उच्चाराप्रमाणें दिलीं आहेत. संगणकावर तीं रोमन अक्षरांतच लिहावीं.

१. एन्व्हायर्न्मेंट म्हणजे काय?

युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक चालू प्रोग्रॅमजवळ नांवें व मूल्यें यांची एक यादी असते. तिला एन्व्हायर्न्मेंट व तींतील प्रत्येक नोंदीस एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. 'लँग' ही नोंद भाषा सांगते. 'पाथ' ही नोंद आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत शोधावी तें सांगते. 'जीटीके-आयएम-मॉड्यूल', 'क्यूटी-आयएम-मॉड्यूल' व 'एक्समॉडिफायर्स' या तीन नोंदी कीबोर्डाचीं अक्षरें कोणत्या साधनामार्फत घ्यावीं तें सांगतात. मराठीसाठीं तें साधन बहुधा आयबस असतें. आपल्या विद्यार्थ्याच्या तीन ओळी याच होत्या.

एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम सुरू करितो, तेव्हां या यादीची नक्कल त्याच्या हातीं देतो. नक्कल पित्याकडून पुत्राकडे जाते. पुत्रानें तींत केलेला फेरफार पित्यास वा भावंडांस कळत नाहीं. शेतांतील पाट पहा. मुखाशीं सोडलेलें पाणी सर्व वाफ्यांस मिळतें. मध्येंच एका वाफ्यांत ओतलेलें पाणी वरच्या वाफ्यास चढत नाहीं. या पाठाचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

२. कोणता शेल कोणती फाईल वाचतो?

लिनक्सवर बहुधा आढळणारा बॅश शेल १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. तो लॉगिन शेल म्हणून सुरू झाल्यास प्रथम सर्वांसाठीं असलेली 'इटीसी-प्रोफाइल' वाचतो. नंतर आपल्या घरच्या फोल्डरांत 'डॉट-बॅश-प्रोफाइल', ती नसल्यास 'डॉट-बॅश-लॉगिन', तीही नसल्यास 'डॉट-प्रोफाइल' अशा क्रमानें शोधतो. जी प्रथम सांपडेल तेवढीच वाचतो. टर्मिनलच्या खिडकींतील शेल मात्र बहुधा लॉगिन शेल नसतो; तो 'डॉट-बॅशआरसी' वाचतो.

आमच्या विद्यार्थ्यानें तिन्ही ओळी डॉट-बॅशआरसींत लिहिल्या होत्या. त्या टर्मिनलास व टर्मिनलमधून उघडलेल्या प्रोग्रॅमांस कळल्या. मेन्यूंतून उघडलेला प्रोग्रॅम टर्मिनलचा पुत्र नव्हे. तो डेस्कटॉप-सेशनचा पुत्र. त्याच्या वाफ्यास पाणी मिळणार कोठून?

३. मग कोठें लिहावें?

त्याच्या संगणकावर लॉगिनचा पडदा दाखविणारा प्रोग्रॅम लाइटडीएम होता. डेबियनमध्यें तो सेशन सुरू करण्यापूर्वीं 'डॉट-एक्ससेशनआरसी' वाचण्याची व्यवस्था करितो. आम्हीं त्या ओळी डॉट-बॅशआरसींतून काढून डॉट-एक्ससेशनआरसींत लिहविल्या, लॉग-आउट होऊन पुन्हां लॉगिन करविलें, आणि मेन्यूंतून उघडलेल्या पानावर मराठी अक्षर उमटलें. पुन्हां लॉगिन आवश्यकच. कारण आधीं चालू असलेल्या प्रोग्रॅमांजवळ जुनीच नक्कल असते.

लिहितांना ही फाईल नेहमीं बॅशच वाचील असें समजूं नये. सेशनच्या आरंभीं ती 'एसएच' वाचतो, व डेबियनच्या २०११ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश. म्हणून साधीच रीत ठेवावी: एक्सपोर्ट, नांव, बरोबरचें चिन्ह, मूल्य, चिन्हाच्या दोहों बाजूंस जागा सोडूं नये.

सर्व प्रणालींची रीत एक नाहीं. 'इटीसी-एन्व्हायर्न्मेंट' ही सर्व वापरणाऱ्यांसाठीं आहे. पण ती शेलची फाईल नव्हे, तींत नुसतीं नांवें व मूल्यें लिहावीं. सिस्टमडी असलेल्या नव्या प्रणालींत 'डॉट-कॉन्फिग'मधील 'एन्व्हायर्न्मेंट-डॉट-डी' हेंही एक स्थान आहे. नव्या ग्नोममध्यें तर आयबसची सोय बहुधा आपोआप होते. परीक्षेसाठीं 'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा द्यावी. मात्र डॉट-बॅशआरसींतील जुन्या ओळी काढल्यावरच ती परीक्षा खरी ठरते.

४. सावधगिरी

आम्हीं स्वतः एकदां 'पाथ' लिहितांना जुनें मूल्य पुढें जोडण्यास विसरलों. लॉगिन करावें, पडदा क्षणभर काळा व्हावा, आणि पुन्हां लॉगिनचाच पडदा यावा! साध्या आज्ञाही शेलास सांपडेनात. अखेर कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर गेलों, 'बिन' फोल्डरांतील 'सीपी' ही आज्ञा तिच्या संपूर्ण पत्त्यानिशीं दिली, व राखून ठेवलेली जुनी प्रत परत आणिली. प्रत ठेविली नसती तर ती चूक एक एक अक्षर शोधीत बसावें लागतें. फेरफारापूर्वीं प्रत ठेवावी, व एका वेळीं एकच ओळ बदलावी.

पालकांस एक विनंती. यंत्र हट्ट करूं लागलें म्हणजे सारें पुसून टाकण्याची घाई करूं नये; चूक मुखाशीं आहे कीं वाफ्यांत, हें आधीं मुलासह बसून पाहावें. त्या घरचे कागद व छायाचित्रें आज सुरक्षित आहेत, आणि मुलाचा निबंध वेळेवर आमच्या हातीं आला.

अभ्यास : (१) टर्मिनलमध्यें दिलेली नवी नोंद मेन्यूंतील प्रोग्रॅमास कां कळत नाहीं? (२) डॉट-बॅश-प्रोफाइल व डॉट-प्रोफाइल या दोन्ही असल्यास बॅशचा लॉगिन शेल कोणती वाचील?