आपल्या भूमिका आणि आपले आडनाव



बी. ए.ला समाजशास्त्र हा माझा विषय होता. 'दर्जा आणि भूमिका' या प्रश्नाचे उत्तर मी पाठ करून लिहिले, गुणही बरे मिळाले. परंतु त्याचा अर्थ कळू लागला तो बँकेच्या काउंटरवर बसल्यावर. म्हणून स्मरणिकेसाठी काही अभ्यासाचे लिहा असा निरोप आला तेव्हा हाच विषय घेतला.

काउंटरवर पासबुक घेऊन आलेल्या म्हातारीला मी 'मावशी, जरा थांबा' म्हणतो. साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना माझा आवाज आपोआप खाली येतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की त्याच साहेबांची नक्कल मीच करून दाखवतो. घरी गेल्यावर मुलीपुढे कडक बाप होतो, आणि गावाहून आई आली की तिच्यापुढे लगेच लहान पोर होतो. एका दिवसात इतकी सोंगे! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कर्जाचा अर्ज घेऊन येणारे लोक पाहिल्यावर मला तीही पुरती खरी वाटत नाही. उसने घड्याळ घालून आलेला गृहस्थ मी पाहिला आहे.

राल्फ लिंटन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1936 साली 'द स्टडी ऑफ मॅन' या ग्रंथात दर्जाचे दोन प्रकार सांगितले. जन्माने चिकटतो तो अर्पित दर्जा, कर्तृत्वाने मिळतो तो अर्जित दर्जा. परीक्षेत हे दोन ओळींत संपते. आपल्या समाजाचा इतिहास मात्र या दोन शब्दांच्या ओढाताणीचा आहे.

भूमिकांचा खरा बारकाईने अभ्यास केला तो अर्व्हिंग गॉफमन यांनी. जन्म 1922, कॅनडातला, मृत्यू 1982. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत, तेथे राहून त्यांनी शिकागो विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. त्यातूनच पुढे 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' हे पुस्तक तयार झाले. ते प्रथम 1956 साली एडिंबरोहून निघाले. त्यात तेथील एका हॉटेलाचे वर्णन आहे. स्वयंपाकघरात ही बेटावरची माणसे आपल्या घरच्यासारखी वागतात, चहाच्या किटलीवर ओले मोजे वाळत घालतात. मधला दरवाजा ओलांडून जेवणाच्या दालनात आली की चेहरा, चाल, बोलणे सगळे बदलते. दालन म्हणजे रंगमंच, स्वयंपाकघर म्हणजे विंग. गॉफमन म्हणतात, सर्वांच्याच जगण्याला असा एक रंगमंच आणि अशी एक विंग असते. याला कोणी ढोंग म्हणू नये. विंगेत माणूस दम घेतो म्हणून त्याला रंगमंचावर उभे राहता येते.

1963 साली त्यांचे 'स्टिग्मा' म्हणजे कलंक या विषयावरील पुस्तक आले. विद्यार्थ्यांनी त्यातील एक भेद नीट समजून घ्यावा. काही माणसांचा तथाकथित कलंक समोरच्याला दिसतो. त्यांना समोरच्याच्या नजरेला तोंड द्यावे लागते. दुसऱ्या काहींचा दिसत नाही, परंतु केव्हाही उघड होऊ शकतो. या दुसऱ्या माणसाचे सारे लक्ष एकाच गोष्टीत अडकते : कोणाला सांगायचे, कोणाला नाही, केव्हा सांगायचे. जात कपाळावर लिहिलेली नसते, ती आडनावात असते, गावाच्या नावात असते, भिंतीवरच्या फोटोत असते. योगायोग असा की त्याच 1963 साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. दोघांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नाही. पण बागुलांचे शीर्षकच पाहा. जात लपवली असे ते म्हणत नाहीत, चोरली म्हणतात. लपवणाऱ्याला आपण गुन्हेगार असल्यासारखे कसे वाटते, ते त्या एका क्रियापदात आहे.

त्याहून आधीचे उदाहरण बाबासाहेबांचेच. 1917 साली परदेशातून उच्च विद्या घेऊन ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, ते राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर आहे. वरच्या मजल्यावर ते एकटेच होते. म्हणजे पाहायला कोणी नाही, तरी भूमिका चालूच! अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. अर्जित दर्जा एवढा मोठा, आणि अर्पित दर्जा त्याला खोलीबाहेर काढतो.

येथे मला गॉफमनसाहेबांशी पूर्ण सहमत होता येत नाही. माणसाचा 'मी' ही आतली वस्तू नसून प्रसंगातून निर्माण होणारा परिणाम आहे, असे ते सुचवतात. 'मिलिंदपञ्ह'मध्ये भन्ते नागसेनही राजा मिलिंदाला रथाचा दाखला देऊन काहीसे असेच सांगतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. 'रथ' हे व्यवहाराचे नाव, तसेच 'नागसेन' हेही. परंतु नागसेनांना नावाची आसक्ती सोडवायची होती. ज्याला नाव सोडायचे आहे तो ते स्वेच्छेने सोडतो. ज्याला नाव चोरावे लागते त्याची आसक्ती सुटत नाही, उलट तो चोवीस तास त्या नावाचाच विचार करतो. हे मी अनुभवाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी एका तालुक्याच्या गावी बदली झाली. घरमालकांनी आडनाव विचारले तेव्हा मी वडिलांचे नाव आडनाव म्हणून सांगितले. तोंडून निघून गेले, आणि मग ते सांभाळणे आले. बाबासाहेबांचा फोटो आम्ही कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. मिसेस म्हणाल्या, "अहो, आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे राहतोय." गॉफमनच्या भाषेत सांगायचे तर आमची विंगच नाहीशी झाली होती. बँकेत मी खऱ्या आडनावाने वावरत होतो आणि घरी नाटक करत होतो, सगळे उलटे. पत्र बँकेच्या पत्त्यावर मागवायचे, पाहुण्यांना आधी सांगून ठेवायचे. सर्वात वाईट म्हणजे पहिलीतल्या मुलीला 'खाली काकूंना आपले आडनाव सांगू नकोस' हे शिकवावे लागले. तिने विचारले, "शाळेत सांगितले तर चालेल?"

सातव्या महिन्यात मालकीणबाई वाटी परत द्यायला वर आल्या. कपाट उघडे होते. त्यांनी फोटो पाहिला, आणि मिसेसनी त्यांना पाहताना पाहिले. दोघीही काही बोलल्या नाहीत. पावसाबद्दल बोलणे झाले. त्यानंतर वाटी कधी हातात आली नाही, जिन्याच्या पायरीवर ठेवलेली असायची. भाडे मात्र त्या पूर्वीप्रमाणेच हसून घेत. त्यांना माहीत होते, आम्हाला माहीत होते, आणि चार महिने आम्ही सगळ्यांनी आपापली कामे चोख केली.

करार संपल्यावर दुसरी खोली शोधली. या वेळी जिना चढण्यापूर्वीच आडनाव सांगत गेलो. दोन ठिकाणी 'जागा कालच दिली' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणच्या निवृत्त मास्तरांनी फक्त डिपॉझिट किती देणार ते विचारले. सामान आत आले तेव्हा गॅस जोडायचा राहिला होता. मुलीने खिळा धरला, मी हातोडी मारली, आणि फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावला. तो थोडा तिरका बसला आहे.