इतिहासाचा साज

शनिशिंगणापूर हे नेवासे तालुक्यातील गाव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. गावातील घरांना दारे न लावण्याची परंपराही जुनी आहे. चौकट असते, तिच्यात फार तर एखादा पडदा लोंबतो, किंवा कुत्र्यामांजरांना अटकाव म्हणून फळी टेकून ठेवलेली असते. समजा, अशा एखाद्या घरातील मुलांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात अहिल्याबाई होळकरांच्या जीवनावर एक नाट्यप्रवेश करावयाचे ठरविले, आणि तालमीसाठी आपली निजायची खोलीच त्या काळातील खोलीसारखी सजवावयाचे मनात आणले. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहील तो पैशाचा. भरजरी शालू, मखमली पडदे, सोनेरी सिंहासन आणि रत्नजडित मुकुट यांवाचून राणी राणीसारखी दिसणार कशी? आणि हे सारे भाड्याने आणावयाचे म्हटले, तरी तेवढे पैसे आणावयाचे कोठून?

पण पैशाचा विचार करण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा. अहिल्याबाई खरोखर कशा राहत होत्या?

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. शिंगणापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील हे गाव. २०२४ साली या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले, ते त्यांच्याच स्मरणार्थ. चौंडीच्या पाटलांची ही कन्या मल्हारराव होळकरांची सून झाली. पतीचा आणि पुढे सासऱ्यांचा मृत्यू झाल्यावर १७६७ साली राज्याचा भार तिच्यावर आला. १७९५ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, अहिल्याबाईंनी तो उत्तम रीतीने वाहिला. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले; ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. नर्मदाकाठच्या महेश्वर येथे त्यांनी विणकरांना आश्रय दिला आणि तेथील लुगड्यांची कीर्ती दूरवर पोहोचली. अशा राणीने मनात आणले असते, तर रोज नवे रेशमी वस्त्र नेसणे तिला कठीण नव्हते. परंतु त्यांच्या चित्रांत आपणास काय दिसते? पांढरे साधे वस्त्र, डोक्यावरून घेतलेला पदर आणि तळहातावर शिवलिंग. महेश्वरच्या वाड्यात त्यांची बैठक आजही दाखविली जाते. तिच्यात डोळे दिपविणारे सिंहासन नाही. जमिनीवर गादी, पाठीशी लोड आणि त्यांवर स्वच्छ पांढरे आच्छादन, एवढाच तिचा थाट.

म्हणजे भरजरी शालू आणि मुकुट घातलेली मुलगी रंगभूमीवर आली, तर पैसे पुष्कळ खर्च होतील. पण तेथे अहिल्याबाई दिसणार नाहीत. आजीचे धुवट पांढरे लुगडे नेसून, जमिनीवर ताठ बसून, समोरच्या फिर्यादीचे बोलणे शांतपणे ऐकणारी मुलगी मात्र प्रेक्षकांना अहिल्याबाईंची आठवण करून देईल. ऐतिहासिक वेषात खरेपणा येतो तो निरीक्षणाने, आणि निरीक्षणाला पैसे पडत नाहीत.

हे निरीक्षण कोठे करावयाचे? वस्त्र ही फार नाशवंत वस्तू आहे. भांडी आणि शस्त्रे टिकतात, कापड मात्र कुजून जाते. तरीही त्याच्या खुणा कधीकधी मागे राहतात. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्या नेवाशाजवळ १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंश शिल्लक होता, आणि त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू आढळले. एवढ्याशा धाग्याने केवढी मोठी गोष्ट सांगितली! अलीकडच्या शतकांसाठी तर साधने पुष्कळ आहेत. जुनी चित्रे आहेत, वाड्यांच्या भिंती आहेत, वस्तुसंग्रहालये आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, फण्या, पेट्या, दौती अशा घरगुती वस्तू शेकड्यांनी पाहावयास मिळतात. मस्तानीचा महालही तेथे पुन्हा उभारलेला आहे. दिनकर केळकरांनी या वस्तू गावोगाव हिंडून, जन्मभर खपून जमविल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. ज्याला पुण्यास जाता येत नाही, त्याने आपल्या घरचा माळा आणि आजीची पेटी पाहावी. लहानसे संग्रहालय तेथेही असते.

आता खोलीकडे वळू. ती सजविताना वस्तू आणण्याआधी वस्तू काढावयास हव्यात. लोखंडी खाट, खुर्ची, घड्याळ, दिनदर्शिका, प्लॅस्टिकची बादली यांतील एकही वस्तू अहिल्याबाईंच्या काळातील घरात नव्हती. काडेपेटी नव्हती आणि रॉकेलचा कंदीलही नव्हता. ही दोन्ही एकोणिसाव्या शतकातील. विजेचा दिवा काढता येत नाही, पण तो मालवता येतो. एवढे काढून टाकले की निम्मी सजावट विनाखर्च झालीच.

मग भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यावा आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढावा. जमीन मातीची असल्यास ती शेणाने सारवावी. फरशी असल्यास तिच्यावर जाजम किंवा सतरंजी अंथरावी. खाटेऐवजी जमिनीवर अंथरूण घालावे आणि त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी पसरावी. लोड विकत आणण्याचे कारण नाही. जुन्या धोतराची लांबट पिशवी शिवून तिच्यात फाटके कपडे किंवा वाळलेले गवत ठासून भरले, की चांगला लोड तयार होतो. कोनाड्यात पितळी समई किंवा पणती ठेवावी. मात्र कापडाजवळ ती पेटवू नये. खुंटीवर पागोटे आणि घोंगडी लटकवावी. एका बाजूस लाकडी पेटी, तिच्यावर दौत, बोरू आणि तांबड्या कापडात बांधलेली पोथी ठेवावी. दुसऱ्या बाजूस तांब्याचा हंडा आणि त्यावर पालथा तांब्या. चौकटीत जुन्या इरकली लुगड्याचा पडदा सोडावा. शिंगणापूरच्या मुलांना हे काम सर्वांत सोपे, कारण रिकामी चौकट त्यांच्या घरी आधीच तयार असते!

वेषांचेही असेच आहे. मल्हारराव होळकर धनगर कुळातील. तेव्हा त्यांच्या शिपायाच्या खांद्यावर काळी घोंगडी शोभून दिसते, आणि या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत ती आजही मिळते. डोक्याला मुंडासे, कमरेला शेला, धोतराचा घट्ट काचा आणि अंगात अंगरखा एवढे झाले की शिपाई उभा राहिला. अंगरख्यासाठी जुनी पांढरी चादर पुरते. तो शिवताना एक गोष्ट विसरू नये : त्याला गुंड्या लावावयाच्या नाहीत. तो छातीशी आणि बगलेत बंदांनी बांधावयाचा असतो. गुंडी लावलेला अंगरखा जाणकाराच्या डोळ्यांत लगेच खुपतो.

रंगांच्या बाबतीतही सावध असावे. कारखान्यात तयार होणारे कृत्रिम रंग १८५६ नंतर जगात आले. त्यापूर्वी कापडाला नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा अशा वनस्पतींचे रंग देत असत. म्हणून झगझगीत गुलाबी अगर जांभळे कापड टाळावे. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून मग पळसाच्या फुलांच्या काढ्यात टाकले, तर सुंदर केशरी छटा येते. बाभळीच्या सालीने तपकिरी रंग चढतो. हळदीचा पिवळा उन्हात लवकर विटतो, पण एका संध्याकाळच्या प्रवेशाला तो पुरेसा आहे. काढा उकळण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे.

ढालीसाठी उथळ टोपली घ्यावी. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने जुन्या वर्तमानपत्रांचे चार-पाच थर चिकटवावेत. ते वाळल्यावर काळा रंग द्यावा आणि मध्यभागी चार ठिकाणी बाटल्यांची टोपणे बसवून त्यांवर सोनेरी बेगड लावावी. खऱ्या गेंड्याच्या ढालीवर पितळेची अशीच फुले असत. तलवार पुठ्ठ्याची करावी, म्हणजे कोणास इजा होणार नाही. शेवटी हिशेब पाहिला, तर तुरटी, गेरू, थोडी बेगड आणि सुईदोरा एवढ्याच वस्तू विकत आणाव्या लागतात. बाकीच्या काही घरात मिळतात, काही शेजाऱ्यांकडून मागून आणता येतात आणि काही हातांनी करता येतात. मागून आणलेल्या वस्तूंची मात्र यादी करावी आणि काम संपताच ज्याची वस्तू त्याला परत पोहोचवावी. ज्या गावात दारे लावण्याची चाल नाही, तेथील मुलांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हाताच्या कसबावर मोठी कामे उभी राहतात, याचे उदाहरण कोल्हापुरात घडले. बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० साली तेथील एका कारागीर कुटुंबात झाला. त्यांचे आडनाव मेस्त्री. प्रथम ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. पुढे त्यांना चित्रपट काढण्याचा ध्यास लागला; पण परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेराच स्वतः तयार केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पुण्यात झळकला आणि १९२३ साली ‘सिंहगड’ आला. प्रसंगांची आणि वेषांची रेखाटने ते स्वतः करीत. आधी डोळ्यांनी पाहावे, मग कागदावर काढावे आणि त्यानंतर कापडाला कात्री लावावी, हा त्यांचा क्रम होता. पैसा थोडा असला तरी चालेल, पण चित्र मनात स्पष्ट असावे लागते, हे त्यांच्या कामावरून ध्यानात येते.

खोली सजवून झाली, वेष चढला आणि समोर पालथा तांब्या ठेवलेला हंडा दिसू लागला, म्हणजे मुलांना आणखीही काही जाणवेल. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर पाठ आपोआप ताठ होते. बोरूने लिहिताना घाई करता येत नाही. पणतीच्या उजेडात एकच माणूस वाचतो आणि बाकीचे ऐकतात. पूर्वीची माणसे कशी जगली, हे पुस्तकात वाचून समजते. पण त्यांच्यासारखे घटकाभर बसून पाहिले, तर ते अंगात मुरते. अहिल्याबाईंचे पांढरे वस्त्र स्वस्त होते म्हणून त्या ते नेसत नव्हत्या. राज्याचे धन रयतेच्या विहिरींसाठी आणि घाटांसाठी आहे, अशी त्यांची वृत्ती होती. त्या वृत्तीला तेच वस्त्र साजत होते. तो साज ज्या मुलीला समजला, तिच्या अंगावर आजीचे जुने लुगडेही राणीचे वाटेल.

अभ्यास

शब्दार्थ : बेगड – चकचकीत रंगीत वर्ख. खळ – चिकटविण्यासाठी शिजवून केलेला चीक. बोरू – लिहिण्यासाठी तासलेली वेताची लेखणी. मंजिष्ठ – तांबडा रंग देणारी वनस्पती. बंद – वस्त्र बांधण्याची नाडी.

प्रश्न :
१. अहिल्याबाईंचा वेष आणि त्यांची बैठक यांचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
२. नेवाशाच्या उत्खननात सापडलेल्या माळेवरून कोणती माहिती मिळाली?
३. जुन्या काळाची खोली सजविताना कोणत्या वस्तू काढून टाकाव्यात? का?
४. ‘निरीक्षणाला पैसे पडत नाहीत’ हे वाक्य बाबूराव पेंटर यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : नाशवंत, ऐपत, ध्यास, देखरेख.

उपक्रम : तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू शोधा. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी वापरली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.